अँबॅसडरला डिस्क ब्रेक बसवण्याआधी

भाऊ, आजोबांची अँबॅसडर तू पुन्हा रस्त्यावर आणतो आहेस, याचा फार आनंद झाला. डिस्क ब्रेकचा विचारही योग्यच. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना सतत ब्रेक दाबला की ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा ब्रेकचा बंद डबा, तापून फुगतो, त्याला आतून घासणारे लायनर पकड सोडतात आणि पेडल खाली जातं. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती, ती उघडी असते, लवकर थंड होते. पावसात पाणीही झटकते.

फक्त पुढच्या दोन चाकांना डिस्क लाव, मागे ड्रमच राहू दे. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, खरं काम पुढची चाकंच करतात.

पण डिस्क आणि तिला दोन्ही बाजूंनी पॅडने चिमटीत धरणारे कॅलिपर आणले की झालं, असं समजू नकोस. ड्रमचा शू, म्हणजे लायनर बसवलेला अर्धगोल तुकडा, फिरत्या ड्रमबरोबर स्वतःच आवळला जातो. डिस्कला ती मदत नाही, सगळा दाब पायाचा. म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवाच. पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडरही दोन सर्किटचा, म्हणजे दोन वेगळ्या ऑइल-मार्गांचा घे, म्हणजे एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक उरतात. जुन्या ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो पुढच्या लाइनमध्ये राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं. गावचे मिस्त्री नेमकं हेच विसरतात.

रबरी होज नवेच टाक. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घे, उघडं ऑइल हवेतला ओलावा शोषतं. कामाआधी आरटीओत विचार. पहिली चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर घे, घाट नंतर.