सुताराला दाखवता येईल असं आण

प्रिय पोरी,

क्योतोला जाताना सोबत काय घेऊ, असं तू विचारलंस. जवसाची चटणी तुझी आई बांधून देईलच. तुझ्या बॅगेपेक्षा मला काळजी दुसरीच आहे. निघण्याआधी चार दिवस काढ आणि विणकरांच्या अंधळगावला जाऊन खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून विणायच्या हातमागावर, बस. तुझ्या घरापासून ते गाव सायकलीच्या टप्प्यात, आणि तरी तू मागावर कधी पाय ठेवला नाहीस, हे मला ठाऊक आहे.

करवतकाठी, म्हणजे आपल्या साडीचा करवतीच्या दातांसारखा काठ, तू लॅपटॉपवर छान काढतेस. पण काढलेले दात वेगळे आणि विणलेले वेगळे. अंगाचा धोटा एक, दोन्ही काठांचे दोन. तिन्हींचे धागे एकमेकांत अडकत जातात तेव्हा करवतीचा दात उमटतो. नोकरीत नवा असताना मीही एका विणकर बाईंचा काठ ग्राफच्या कागदावर उतरवला होता, थोडा 'सुधारून'. प्रदर्शनात लावला, खाली नाव माझं. बाई पाहायला आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मस्त हाये जी गुरुजी. पन हे मागावर नाही चढत." कागदावरचं माझं नाव खोडून तिथं त्यांचं लिहायला मला पुढे बरीच वर्षं लागली. ती गोष्ट पुन्हा कधी सांगीन.

तुम्ही क्योतोतल्या निशिजिनला जाणार, म्हणजे विणकरांच्याच मोहल्ल्यात. निशिजिनचा अर्थ पश्चिमेची छावणी. १४६७ ते १४७७ या काळात ओनिनची लढाई झाली, शहर जळलं, विणकर पांगले. लढाई सरल्यावर ते परत आले आणि त्या छावणीच्या जागी त्यांनी माग मांडले. तिथं त्सुझुरे नावाची वीण आहे. ती विणणारे काही कारागीर नखांना कानशीनं घासून दाते पाडतात आणि त्या नखांनी बाण्याचा धागा ओढून बसवतात. करवत आपल्या काठात असते, त्यांच्या बोटांत. त्यांच्यापुढे आपल्या काठाचा तुकडा नुसता उलगडून ठेव. तुझी जपानी कच्ची असली तरी काही अडणार नाही. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नकोस. नक्षी ही कुणाची तरी पोटाची भाकर असते.

आता खरी गोष्ट सांगतो. तू चालली आहेस तशी एक फेरी क्योतोनं १८७२ साली काढली होती. राजधानी टोकियोला गेली, गिऱ्हाईक तुटलं, निशिजिनवर अवकळा आली. तेव्हा तीन माणसांना फ्रान्समधल्या ल्यों शहरात धाडलं, विणकाम शिकायला. त्यांच्यामुळे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारं, नक्षी विणायचं जकार्ड यंत्र क्योतोला आलं. तिघांतला एक, योशिदा चुशिची, घरी पोचलाच नाही. १८७४ मध्ये परतताना जहाज बुडालं. ही हकिकत लोक सांगतात ती त्या तिघांसाठी. मला मात्र चौथा माणूस आवडतो. अराकी कोहेई नावाच्या तिथल्याच कारागिरानं ते परदेशी यंत्र पाहून लाकडात घडवलं. मग ते गल्लीत बनायला लागलं, गल्लीत दुरुस्त व्हायला लागलं. तो नसता तर आलेलं यंत्र पहिला भाग मोडल्यावर कोपऱ्यात पडलं असतं. आपल्याकडे योजनांतून आलेली अशी यंत्रं मी किती पाहिली, विचारू नकोस. त्यांच्यावर कोंबड्या बसतात.

म्हणून तिथं काही नवं दिसलं की एकच विचार कर, हे आपल्या गावच्या सुताराला करता येईल का?

उदाहरण देतो. किमोनोवर बांधायचा ओबी, म्हणजे कमरपट्टा, साधारण ३२ सेंटिमीटर पन्ह्याचा. तेच कापड भिंतीला किंवा खुर्चीला लावायचं तर जोड दिसतो. तिथल्या एका घराण्यानं १५० सेंटिमीटर पन्ह्याचा माग बांधून घेतला आणि वेगळंच गिऱ्हाईक मिळवलं. तू हे पाहून येशील आणि 'सर, आपणही पन्हा वाढवू' म्हणशील. नको. साडीमुळे आपला पन्हा आधीच रुंद आहे. आपलं दुखणं लांबीचं. साडी खपली नाही की विणकराची तितक्या दिवसांची मजुरी घडीत अडकून पडते. त्याच ताण्यावर अडीच मीटरची ओढणी निघेल, हातभर पट्टीही निघेल. करवतीचा दात एवढ्याशा पट्टीवर किती लहान करता येतो, तो डोक्यात घेऊन जा.

आपल्या टसर रेशमाच्या कोशाचे नमुने नेताना धागा आणि कापड ने, अख्खे कोष नेऊ नकोस. विमानतळावर उगाच कटकट. जपानमध्ये ओकच्या पाल्यावर जगणारा एक रानकिडा आहे, त्याच्या रेशमाला तेनसान म्हणतात. आपल्या ऐन-अर्जुनावरच्या टसर किड्याच्या तो नात्यातला. रंग हिरवट. मिळालं तर चिमूटभर सूत आण. आपल्याकडे कोसा पाळणाऱ्या ढिवरांच्या घरी ते दाखवू. त्यांचा चेहरा मला बघायचा आहे.

आणि माझं एक काम. त्यांच्या मागाच्या फणीत एका सेंटिमीटरला किती दाते असतात ते मोज, भिंग घेऊन मोज, आणि वहीत तिथंच लिहून ठेव. इथला फणी बांधणारा म्हातारा मला दोनदा विचारून गेला आहे.

तुझा,
सर