मुसोलिनीच्या काळातल्या सरकारी इमारती इतक्या कोऱ्या का? ती शैली फॅसिस्टांचीच म्हणायची का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. ही ‘तर्कशुद्ध’ (रॅशनॅलिस्ट) शैली सत्तेने नव्हे, तरुण वास्तुकारांनी घडवली. इमारतीचं रूप तिच्या उपयोगातून आणि बांधणीतून यावं, वरून चिकटवलेल्या नक्षीतून नव्हे, हा आग्रह मिलानच्या ‘ग्रुप्पो सेत्ते’ या सात तरुण वास्तुकारांच्या गटाने १९२६ मध्ये धरला. सत्तेने ती शैली वापरली, आणि यातल्या अनेकांनी आपणहून वापरू दिली, हेही तितकंच खरं.

कोमो शहरातली ‘कासा देल फाशो’ बघा. फॅसिस्ट पक्षाची ही कचेरी वास्तुकार जुझेप्पे तेरान्यीने १९३२ ते ३६ मध्ये बांधली. पाया चौरस, बाजू सुमारे ३३ मीटर, उंची त्याच्या निम्मी. समोरून खांब आणि तुळयांची चौकट उघडी दिसते, पण उजवीकडचा पट्टा सलग भरीव भिंतीचा. चारही बाजू वेगवेगळ्या, तरी मापं एकमेकांशी जुळलेली. आत छत घातलेला चौक, वर काचेच्या विटा. फॅसिझम म्हणजे काचेचं घर, असं मुसोलिनी म्हणाला होता. तेरान्यीने ते शब्दशः घेतलं आणि दर्शनी बाजूला विजेवर एकदम उघडणारे काचेचे दरवाजे बसवले. विरोधकांना तुरुंगात टाकणाऱ्या पक्षासाठी हा पारदर्शकपणा! तरीही प्रमाणबद्धतेत या इमारतीला तोड नाही, असंच मी म्हणेन.

रोममधल्या एऊर भागातला ‘पलाझ्झो देल्ला चिव्हिल्ता इतालियाना’ मात्र मला तर्कशुद्ध वाटत नाही. चारही बाजूंना सहा ओळींत नऊ-नऊ सारख्याच कमानी. सांगाडा काँक्रीटचा, वरून ट्रॅव्हर्टाइन दगडाचं आवरण, म्हणजे कमानी केवळ दिखाव्याच्या. माथ्यावर मुसोलिनीच्या १९३५ च्या भाषणातले शब्द कोरलेत. कोरेपणा इथे दरारा बसवायला वापरलाय.

आता माणसं बघा. ‘कासाबेल्ला’ मासिकातून या शैलीसाठी भांडणारा जुझेप्पे पागानो सुरुवातीला फॅसिस्ट होता, पुढे प्रतिकार चळवळीत गेला आणि १९४५ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत मेला. एऊरचं टपाल कार्यालय बांधणाऱ्या ‘बीबीपीआर’ या चौघा वास्तुकारांपैकी बान्फीही त्याच वर्षी गुझेनच्या छावणीत मेला. उरलेल्या तिघांनी १९४६ मध्ये मिलानच्या दफनभूमीत छावण्यांतल्या मृतांचं स्मारक उभारलं, तेही याच शैलीत: पांढऱ्या लोखंडी नळ्यांची चौकट आणि मधोमध छावणीतली माती.