आर्थर राजाच्या कथा कुठून सुरू कराव्यात?
थेट इंग्रज लेखक मॅलरीच्या १४८५ साली छापलेल्या जाडजूड ग्रंथाला हात घालू नका. आधी बाराव्या शतकातल्या क्रेतियँ द त्र्वा या फ्रेंच कवीचं, आर्थरचा सरदार लान्सलॉट याच्यावरचं काव्य वाचा, भाषांतर चालेल. पळवून नेलेल्या ग्विनेव्हियरला, म्हणजे आर्थरच्या राणीला आणि स्वतःच्या प्रेयसीला, शोधताना लान्सलॉटला गुन्हेगारांची धिंड काढतात त्या गाडीत बसायची वेळ येते. तो जेमतेम दोन पावलं घुटमळतो, मग चढतो. पुढे तलवारीच्या पुलावरून रक्तबंबाळ होऊन पोचतो, तरी राणी बोलत नाही. का? त्या दोन पावलांसाठी! प्रेमापुढे त्याने क्षणभर अब्रूचा विचार केला म्हणून. सरदारानं प्रेयसीपुढे सगळा मान सोडून झुकायचं, या मध्ययुगीन काव्यातल्या कल्पनेला दरबारी प्रेम म्हणतात; ते म्हणजे काय, ते मला इथेच कळलं. लढाया खुशाल भरभर उलटा, राणीचा अबोला मात्र सावकाश वाचा. आणि हे खऱ्या सरदारांचं रोजचं जगणं समजू नका; फ्रान्समधल्या शँपेन प्रांताच्या काउंटेस मारीच्या सांगण्यावरून रचलेलं काव्य आहे ते.