राजीनामा लिहू नकोस

प्रिय मुली,

काल तू गेल्यावर झोप लागली नाही. मीटिंग रूममध्ये बसवून एचआरवाली म्हणते, 'आजच राजीनामा मेल कर, नाहीतर टर्मिनेशन रेकॉर्डवर येईल', आणि तू मला विचारतेस, मेलमध्ये कारण काय लिहू? अगं, राजीनामाच लिहायचा नाही!

काढायचंच असेल तर त्यांना पत्र द्यावं लागतं. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला कारणासह महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, वर पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. एरवी शेवटी लागलेल्याला आधी काढायचं. तो क्रम मोडला तर कारण नोंदवायचं. पण हे सगळं छाटणीला, म्हणजे कंपनीने स्वतः माणूस कमी केला तर. आपणहून राजीनामा देणाऱ्याला यातलं काही नाही. म्हणून तर त्यांना तुझ्या हातचा मेल हवाय!

'माझ्या पदात लीड आहे ना', म्हणालीस. पदाच्या नावाला विचारत नाहीत, रोजचं काम बघतात. तू दिवसभर कोड लिहितेस. कुणाची रजा मंजूर करतेस का? खरंच व्यवस्थापक असतीस तर हे कवच नसतं, नेमणूकपत्रातल्या अटींवर भांडावं लागलं असतं. तरी राजीनामा लिहू नकोस.

मी लिहिला होता. १९९९, भोसरी, अकरा वर्षांची नोकरी. साहेबांनी मजकूर टाइप करूनच ठेवला होता, 'घरगुती कारणास्तव'. आई दवाखान्यात होती, चेक समोर होता. माझ्या जागी कुणीही सही केली असती. खरंच केली असती. पुढे कामगार कार्यालयात गेलो, तर तिथल्या बाईंनी कागद वाचून परत दिला. 'यात तुम्हीच गेलाय.' शेजारच्या मशीनवरच्या दोघांनी सही केली नव्हती. त्यांची केस सात वर्षं चालली, हाल झाले, पण एक परत कामावर लागला आणि दुसऱ्याने चांगली तडजोड घेतली. त्यांच्याकडे भांडायला काहीतरी होतं.

रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, अडवतील ही भीती मला कळते. तिच्यापायी हक्क सोडू नकोस, बाळा.

आज रात्रीच दोन ओळी पाठव: 'मी राजीनामा देत नाही. मला कमी करायचं असल्यास कारणासह लेखी पत्र द्यावं.' प्रत स्वतःच्या मेलवर ठेव. नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, अप्रेझलची पत्रं उतरवून घे. कंपनीचा कोड किंवा क्लायंटचं काही मात्र उचलू नकोस. लॅपटॉप मागितला तर दे आणि पोच घे. पुन्हा खोलीत बोलावलं तर 'वाचून सांगते' म्हण आणि उठ.

पत्र हातात पडलं की मला फोन कर. शिवाजीनगरच्या कामगार आयुक्तालयात मी बरोबर येतो. शनिवारी बंद असतं. सोमवारी दहाला जाऊ.

तुझा,
काका