वेल्डिंगचे कपडे खर्चात धरायचे का?

भाऊ, जळगाव एमआयडीसीत स्वतःचं वेल्डिंगचं काम सुरू केलंस, चांगलं झालं. पण आता फुले मार्केटमधलं प्रत्येक कपड्याचं बिल हिशेबात घालू नकोस. आयकरासाठी नफ्यातून वजा करायला चालतो तो निव्वळ धंद्यासाठी केलेला खर्च. चामड्याचा एप्रन, हातमोजे, सेफ्टी शूज, वेल्डिंगचं हेल्मेट, वर्कशॉपचं नाव छापलेले कामावरच्या पोरांचे टी-शर्ट, हे बिनधास्त धर. जीन्स मात्र नाही, तीच घालून तू लग्नाला जाऊ शकतोस (ठिणग्यांनी भोकं पडायच्या आधी तरी!). मे महिन्याच्या उन्हासाठी घेतलेला सुती शर्टही घरखर्चातच.

त्याआधी सीएला एक विचार: रिटर्न छोट्या धंद्यांच्या अंदाजे नफ्याच्या योजनेखाली (१९६१च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडी) भरायचंय का? त्यात रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरतात आणि सगळा खर्च त्यातच आला असं मानतात. मग एप्रनचं बिल वेगळं वजा होत नाही. वह्या ठेवून खरा नफा दाखवणार असशील तरच या बिलांचा उपयोग.

बिल वर्कशॉपच्या नावाने घे. एकाच दुकानदाराला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिलेस तर तो खर्च नामंजूर होतो. आणि मशीनमधून निघालेली गुळगुळीत पावती आपल्या उन्हाळ्यात कोरी पडते, लगेच फोटो काढून ठेव.