शिवार असताना भूदृश्य कशाला?

साक्री तालुक्यातल्या एका वाचकाचा प्रश्न: गावाजवळच्या टेकडीवर खडीची खाण होऊ घातली आहे. जनसुनावणीआधी वाटलेल्या पर्यावरण अहवालाच्या मराठी सारांशात एक वाक्य आहे, ‘प्रकल्पाचे भूदृष्य व दृष्य परिणाम नगण्य आहेत.’ या दोन परिणामांत फरक काय, की एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे?

आधी ते ‘दृष्य’ पुसा. धातू दृश्, पुढे य, म्हणून दृश्य. ‘दृष्टी’त श चा ष होतो तो पुढच्या ‘ति’ प्रत्ययातल्या त मुळे, आणि मग ष च्या संगतीने त्या त चा ट. ‘दृश्य’त तो त नाही, त्यामुळे ष येण्याचं कारणच नाही. लग्नाच्या व्हिडिओवाल्यापासून सरकारी फलकापर्यंत सगळीकडे हे ‘दृष्य’ बघून डोळे दुखायला लागले आहेत.

आता शुद्धलेखन सुधारून वाचू: ‘प्रकल्पाचे दृश्य परिणाम नगण्य आहेत.’ मराठी माणसाला याचा अर्थ काय लागतो? ‘स्वच्छता अभियानाचे दृश्य परिणाम दिसू लागले’ असं आपण म्हणतो, म्हणजे डोळ्यांना दिसतील असे परिणाम. खाण येणार, टेकडीचा लचका तुटणार, आणि त्याचे दिसण्याजोगे परिणाम नाहीत! लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं, लोकांना जो देखावा दिसतो त्यावर होणारा परिणाम. तेवढं सरळ लिहिता आलं असतं.

फरक मात्र खरा आहे. हे परिणाम मोजण्याची पद्धत बरीचशी ब्रिटनमधून आली. तिथल्या लँडस्केप इन्स्टिट्यूटने पर्यावरण-मूल्यमापकांच्या संस्थेबरोबर काढलेल्या मार्गदर्शिकेची तिसरी आवृत्ती २०१३ ची आहे, आणि तिच्यात या दोन गोष्टी वेगळ्या तपासायला सांगितल्या आहेत. एक, भूदृश्य (इंग्रजीत लँडस्केप), म्हणजे जमिनीचं स्वतःचं रूप: उंचसखलपणा, नाले, बांध, झाडी, वस्तीची ठेवण. दोन, बघणारी माणसं आणि त्यांना दिसणारा देखावा. टेकडी मागच्या अंगाने पोखरली, तिथे कुणाची नजर पोचत नाही, तर देखावा शाबूत राहतो पण जमिनीचं रूप गेलेलं असतं. उलट दूर पठारावर उंच मनोरा उभा राहिला तर तुमच्या गावची ढेकळंही हलत नाहीत, पण ओट्यावरून दिसणारं सगळं बदलतं. ब्राह्मणवेलच्या बाजूला पवनचक्क्या बघत मोठे झालेल्यांना हे समजावायची गरज नाही. (पवनचक्की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतल्या यादीत नाही, म्हणजे तिला असा अहवाल लागतच नाही. जे सगळ्यात लांबून दिसतं, त्याच्याबद्दल ‘नगण्य’ लिहिण्याचीही सक्ती नाही.)

गोंधळाचं मूळ ‘भूदृश्य’ या शब्दात आहे. ‘दृश्य’ त्यात आधीच बसलेलं, मग ‘भूदृश्य’ आणि ‘दृश्य’ वेगळे कसे वाटणार? हा शब्द घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लँडस्केप म्हणजे भिंतीवरचं चित्र होतं. इंग्रजीत तो शब्द डचांच्या लांडस्खाप वरून चित्रकारांच्या मार्फत गेला हे खरं, पण चित्रात शिरण्याआधी डच भाषेत त्याचा अर्थ मुलूख, टापू असाच होता. त्यातला ‘स्खाप’ म्हणजे घडण, इंग्रजी ‘शेप’चा भाऊबंद. फ्लॉरेन्सला २००० साली झालेल्या युरोपीय करारातही लँडस्केप म्हणजे लोकांना जसा जाणवतो तसा टापू, चित्र नव्हे. आपल्याकडे तर बंगल्यापुढच्या हिरवळीला लँडस्केप म्हणतात आणि मोबाइल आडवा धरला की त्यालाही!

टापू या अर्थाच्या लँडस्केपला मराठी शब्द आहे: शिवार. तोही पोथीतला नाही. राज्य सरकारनेच २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान काढलं, तेव्हा कुणी ‘जलयुक्त भूदृश्य’ म्हटलं नाही.

शिवारच्या पोटात ‘शीव’ आहे, आणि शीव म्हणजे सीमा. संस्कृतातला मधला म मराठीत व होतो: ग्रामचं गाव, नामचं नाव, आमलकाचा आवळा, श्यामलचा सावळा. ईकाराआधीचा स तालव्य होतो: सिव् वरून शिवणे, सिध् वरून शिजणे. म्हणून सीमाची शीव. मुंबईच्या सायनचं मराठी नाव शीव, तेही मुंबई बेटाची हद्द तिथे संपायची म्हणून. एका व्युत्पत्तिप्रेमी गृहस्थांनी शिवारचं नातं शंकराशी जोडलं आहे, कारण काय तर शिवेवर महादेवाचं देऊळ असतं. शिवेवर मारुतीही असतो, मग शब्द ‘मारुतार’ का झाला नाही?

खरी गंमत शेवटच्या ‘आर’मध्ये आहे. काहींच्या मते तो ‘आगार’, जसं कोष्ठागारचं कोठार आणि भांडागारचं भांडार. ध्वनी जुळतात, अर्थ जुळत नाही. आगार म्हणजे घर, आणि घरं शिवारात नसतात, गावठाणात असतात. आपल्याकडे जुनी विभागणीच काळी आणि पांढरी अशी आहे: काळी कसायची, पांढरी राहायची. तापीकाठच्या प्रकाशे इथे १९५५ मध्ये उत्खनन झालं ते असल्याच एका जुन्या पांढरीचं. तेव्हा माझं मत असं की हा ‘आर’ म्हणजे ‘आकार’. सीमा-आकार, मधला क गळून शिवार. कुंभकारचा कुंभार आणि अंधकारचा अंधार होताना क असाच गळतो. यावर एका प्राध्यापक मित्राने हरकत घेतली, की मराठीतला असा ‘आर’ म्हणजे ‘करणारा’ असतो. मग अंधार कोण करतं, महावितरण? माझं बरोबर असेल तर तिकडे डचांची भू-घडण आणि इकडे शीव-आकार, दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द घडवला! कोशात ही व्युत्पत्ती मला सापडलेली नाही, म्हणून कोश चुकीचे ठरत नाहीत. फक्त अपुरे ठरतात.

एक पुरावा वापरातला. पाणलोटाची कामं ठरवायला गावकरी आणि कर्मचारी मिळून जमीन पायी पालथी घालतात, त्याला शिवारफेरी म्हणतात. जमिनीच्या रूपाची पाहणी करणारा तज्ज्ञ वेगळं काय करतो? आणि एखादं बांधकाम कुठून कुठून दिसू शकेल याचा तो जो नकाशा काढतो, त्याला ‘सैद्धांतिक दृश्यता क्षेत्र’ म्हणून कोण वाचणार आहे? नजरेचा टप्पा म्हणा. हा नकाशा बहुधा उघडी जमीन धरून काढतात, झाडंझुडपं वगळून. यावल-रावेरकडे गेलात तर केळीची बाग उभी असताना सातपुडा रस्त्यावरून झाकला जातो आणि बाग तोडली की एकदम समोर येतो.

त्या ब्रिटिश मार्गदर्शिकेशी माझं एक भांडण आहे. बघणाऱ्यांत घरात राहणारे आणि फिरायला आलेले तिने संवेदनशील धरले आहेत. कामावरच्या माणसाला खालची पायरी, कारण त्याचं लक्ष कामात असतं. खान्देशात दिवसभर टेकडीसमोर असतो तो वावरात राबणाराच. सहलीला आलेल्याचं मन दुखेल आणि निंदणाऱ्या बाईचं दुखणार नाही, हे कुणी ठरवलं?

तर साक्रीकर, वाक्य असं हवं होतं: ‘प्रकल्पाचा शिवाराच्या रूपावर व लोकांना दिसणाऱ्या देखाव्यावर होणारा परिणाम नगण्य आहे.’ असं लिहिलं की पुढचे प्रश्न कुणीही विचारू शकतं, म्हणूनच कदाचित लिहीत नसावेत. सुनावणीत विचारा: देखावा कुठल्या कुठल्या जागेवरून तपासला, कुठल्या महिन्यात, आणि तेव्हा मधल्या वावरांत कपाशी उभी होती की वेचणी होऊन रान मोकळं झालं होतं?