जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक झालो. रोज येणाऱ्या जीआरमधलं नेमकं काय लक्षात ठेवायचं?

तुम्ही विचारलंय की शाळेचा पदभार नुकताच आला आहे, व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन जीआर येऊन पडतात आणि त्यातलं कायद्याने बंधनकारक काय, नुसतं पत्र काय, हे उमगत नाही. मीही महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेतच मुख्याध्यापक आहे, म्हणून इथल्यापुरतं सांगतो.

आधी कागद कोणाचा आहे ते बघा. अधिनियम संसद किंवा विधिमंडळ करतं. त्याखालचे नियम राजपत्रात येतात. शासन निर्णय, म्हणजेच जीआर, मंत्रालयातून निघतो, आणि परिपत्रक किंवा पत्र आयुक्त, संचालक, शिक्षणाधिकारी यांच्याकडून. खालचा कागद वरच्याला ओलांडू शकत नाही. खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखीव असलेल्या 25 टक्के प्रवेशांबाबत 9 फेब्रुवारी 2024 ला राज्याने आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, नियमांत बदल केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने 19 जुलै 2024 ला रद्द केला, कारण तो मूळ कायद्याशी विसंगत होता. राजपत्रातला नियमसुद्धा असा पडतो, मग फोनवरच्या तोंडी सूचनेचं काय घेऊन बसलात!

ग्रुपवर आलेला जीआर खरा आहे का, हे बघायला शेवटच्या पानावर जा. तिथे संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उतरवून घ्या. मग पहिल्या पानावरची 'वाचा' खालची यादी बघा. हा जीआर कुठल्या जुन्या जीआरवर उभा आहे आणि कुठला मोडीत काढतोय, ते तिथून कळतं. बरेच जण थेट मधला मजकूर वाचतात आणि घोटाळा होतो.

आणि घाई करू नका. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा जीआर 16 एप्रिल 2025 ला आला, 17 जूनला तो बदलला, 29 जूनला दोन्ही मागे घेत असल्याची घोषणा झाली. 16 जूनला शाळा उघडल्या होत्या, म्हणजे वेळापत्रक भिंतीवर लागायच्या आत पायाखालची जमीन दोनदा सरकली. गणवेशाचंही तसंच. एक राज्य एक गणवेश म्हणून खरेदी वरून ठरली, पोरं कित्येक महिने जुन्याच कपड्यांत आली आणि डिसेंबर 2024 मध्ये अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. धोरण असं हलतं. तुम्ही पाय रोवायचा तो कायद्यावर.

त्या कायद्यातल्या काही गोष्टी पाठच हव्यात. आरटीईच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत पट 150 च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, सहावी ते आठवीला 100 च्या वर. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक लहान शाळांत मुख्याध्यापक 'प्रभारी' असतो आणि वर्ग सांभाळून कारभार बघतो. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर ते, 30 सप्टेंबरच्या पटावर ठरते, तीही आधार वैध झालेल्या. आधारवरचं नाव आणि दाखलखारीज रजिस्टरमधलं नाव जुळत नाही म्हणून वर्गात बसलेलं मूल हिशोबातून गळतं आणि त्यापायी एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. हे काम सप्टेंबरात नाही, जुलैतच संपवा. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या जीआरविरुद्ध शिक्षक रस्त्यावर उतरले ते याच आकड्यांमुळे. वाडीवस्तीवरच्या शाळेत दोन-चार मुलं कमी झाली की सगळं गणित फिरतं.

आरटीईचं कलम 27 तर छापून कार्यालयात लावा. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येतात. मतदार यादीच्या कामाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच सांगितलंय की ते सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं. तहसीलमधून आदेश आला की भांडू नका, पण वर्ग उघडा पडणार असेल तर तसं लेखी कळवा आणि पोच घ्या. आवक-जावक रजिस्टरमधला एक क्रमांक पुढे तुमच्या बाजूने उभा राहतो.

टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, न्यायालयीन निकाल तुमच्या स्वतःच्या नोकरीशी निगडित आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला ठरवलं की निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. म्हणजे ज्येष्ठतेच्या यादीत वर असूनही मुख्याध्यापकपद हुकू शकतं. वीस-पंचवीस वर्षं इमानाने शिकवलेल्या माणसांवर ही वेळ आली याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरी अभ्यासाला लागा.

आता सगळ्यात गंभीर भाग. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती किंवा शंका असली तरी पोलिसांना कळवावंच लागतं. त्याच कायद्याच्या कलम 21 मध्ये संस्थेच्या प्रमुखासाठी वेगळी तरतूद आहे: हाताखालच्या माणसाचं कृत्य कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. संस्थाचालक, सरपंच, केंद्रप्रमुख, कोणीही "आधी आपसात बघू" म्हटलं तरी ऐकायचं नाही. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर 21 ऑगस्ट 2024 ला निघालेल्या जीआरमध्येही कळवण्यासाठी चोवीस तासांची मुदत आहे. तक्रारपेटी टांगून भागत नाही. ती कोण, कधी, कोणासमोर उघडतं हे मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत असलेल्या सखी सावित्री समितीच्या बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. मुलींना विश्वास वाटेल अशी एक बाई शाळेत हवी, शिक्षिका नसेल तर अंगणवाडीताई किंवा समितीतली पालक. चौकशी करून खात्री पटवून घेणं हे आपलं काम नाही, कळवणं हे आपलं काम आहे.

आणि तुमचं खरं बळ कुठे आहे म्हणाल, तर आरटीईच्या कलम 21 आणि 22 मध्ये. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या महिला, आणि तुम्ही सदस्य सचिव. समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा शासनाच्या अनुदानाचा आधार असेल, असं कायदाच म्हणतो. बहुतेक शाळांत मात्र मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून सह्यांसाठी फिरतो. तसं करू नका. गळकं छप्पर, मुलींचं बंद पडलेलं स्वच्छतागृह, रिक्त पद, एकेक गोष्ट ठरावात घ्या. तुमचा अर्ज फाईलमध्ये पडून राहतो, पण वीस पालकांच्या सह्यांचा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्याला सहज बाजूला टाकता येत नाही.

हे विशेष जोर देऊन सांगतो, कारण विधिमंडळात आपला आवाज फार क्षीण आहे. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार आहेत, पण संविधानाच्या अनुच्छेद 171 प्रमाणे तिथे मतदार होण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या दर्जाच्या संस्थेत शिकवावं लागतं. प्राथमिकच्या शिक्षकाला मतच नाही. अधिवेशनाच्या दिवसांत मात्र आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांसाठी 'तारांकित प्रश्न, अतितातडीचे, दुपारी दोनपर्यंत माहिती सादर करा' असा निरोप हमखास आपल्याकडे येतो. वैताग आला तरी ती माहिती खरी भरा. रिक्त पद 'निरंक' लिहून मोकळं झालं, तर सभागृहात मंत्र्यांचं उत्तरही तेच येणार.

उलट दिशेनेही जाता येतं. आपल्या मतदारसंघातल्या आमदाराला ठरावाची प्रत देऊन प्रश्न लावायला सांगता येतो. आणि मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात, तेव्हा शाळेतून लिहा. मे 2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा असाच खुला झाला होता. पुढच्या वेळी 'विरोध आहे' एवढंच नको. आमच्या द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता आहेत, ही तासिका कोण घेणार, इतकं नेमकं लिहा.